लागणे, सुटणे आणि मालट्रकचा मागील ब्रेक

१. प्रश्नाचे स्वरूप

मालट्रकच्या दुरुस्तीच्या कारखान्यात 'मागचा ब्रेक जाम आहे' ही तक्रार नित्याची आहे. तक्रार चार शब्दांची असली, तरी तिच्या पोटात किमान दहा वेगवेगळे दोष दडलेले असू शकतात. ताणलेली स्प्रिंग, गंजलेली केबल, आतून सुजलेली रबरी नळी, मास्टर सिलिंडरमधील बुजलेले छिद्र किंवा चुकीच्या बाटलीतून ओतलेले तेल यांपैकी कोणत्याही कारणाने मागील चाक अडखळू लागते, आणि कामाच्या कागदावर मात्र एकच शब्द उमटतो : 'जाम'.

या दोषाचे परिणाम क्षुल्लक नसतात. ब्रेकचे काम म्हणजे गतीचे रूपांतर उष्णतेत करणे. जो ब्रेक सुटलेला नाही तो हे काम अखंड करीत राहतो. डिझेल अधिक जळते, लायनर झिजतात, हबमधील ग्रीस पातळ होऊन बाहेर येते, आणि उष्णता वाढतच गेली तर टायर पेट घेऊ शकतो. सर्वांत मोठा धोका मात्र याच्या उलट टोकाला असतो. अतिशय तापलेल्या लायनरची पकड कमी होते आणि फार तापलेला ब्रेकचा द्रव उकळू लागतो. द्रवाची वाफ दाबली जाते. दाब पुढे नेत नाही. म्हणजे कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना जो ब्रेक नको असताना लागत होता, तोच ब्रेक उतारावर हवा असताना लागेनासा होतो. एकाच दोषाची सुरुवात 'लागतो' या क्रियापदाने होते आणि शेवट 'लागत नाही' या क्रियापदाने होतो.

प्रस्तुत लेखात या दोषाच्या निदानाचा क्रम स्पष्ट करावयाचा आहे. त्याचबरोबर या निदानात भाषेचा वाटा किती, याचाही विचार करावयाचा आहे. कारण मिस्त्रीच्या हाती पाना येण्यापूर्वी चालकाचे वाक्य येते, आणि ते वाक्य नीट ऐकले तर निम्मा शोध तेथेच पुरा होतो.

२. रचना आणि कार्य

प्रथम हलक्या मालट्रकचा विचार करू. १९८६ साली बाजारात आलेल्या टाटा ४०७ सारख्या गाड्यांच्या वर्गात पेडलचा जोर द्रवाच्या दाबाने चाकापर्यंत पोचविला जातो. चाकाबरोबर फिरणारा पोलादी किंवा बिडाचा पोकळ ड्रम आणि त्याच्या आत, न फिरणाऱ्या तबकडीवर बसविलेले दोन अर्धवर्तुळाकार शू, ही या ब्रेकची मुख्य अंगे होत. शूच्या पाठीवर घर्षणाचे लायनर असतात. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील द्रव नळ्यांतून चाकाच्या सिलिंडरमध्ये जातो, तेथील दट्टे बाहेर सरकतात आणि शू ड्रमला जाऊन भिडतात. पेडल सोडले की दाब नाहीसा होतो आणि परतीच्या स्प्रिंगा शूंना मागे ओढतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. ब्रेक लावणे हे द्रवाचे काम आहे. ब्रेक सोडणे हे द्रवाचे काम नव्हे. द्रवाने केवळ वाट मोकळी करून द्यावयाची असते. शूला मागे आणण्याचे श्रम स्प्रिंगेला करावे लागतात. म्हणून ब्रेक सुटत नसेल तर दोनच शक्यता संभवतात. एक, द्रवाने वाट अडवून धरली आहे. दुसरी, वाट मोकळी असूनही स्प्रिंगेला शू मागे ओढता येत नाही. पुढील सर्व परीक्षा या एका भेदावर उभी आहे.

शू आणि ड्रम यांमधील फट अगदी थोडी, मिलिमीटरच्या अंशात मोजण्याइतकी असते. शिवाय दोन शूंपैकी जो शू चाकाच्या फिरण्याच्या दिशेत पुढे झुकतो, त्याला फिरता ड्रम स्वतःच आपल्याकडे ओढून घेतो. ब्रेक लावताना हा गुण उपयोगी पडतो, कारण थोड्या जोरात पुष्कळ पकड मिळते. शू सुटत नसला म्हणजे मात्र हाच गुण दोष ठरतो. हलका स्पर्श असला तरी ड्रम त्याला आपल्याकडे खेचून घेतो व घर्षण वाढवितो.

३. चालकाच्या वाक्यातील क्रियापद

मराठीत अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांच्या काही जोड्या आहेत : लागणे–लावणे, सुटणे–सोडणे, अडकणे–अडकवणे. यांतील पहिल्या रूपात घटना आपोआप घडते, दुसऱ्यात ती कोणीतरी घडवितो. भूक लागते, आग लागते, चटका लागतो. दिवा मात्र कोणीतरी लावतो. निर्दोष ब्रेकमध्ये या दोन्ही रूपांचा मेळ असतो. चालक ब्रेक लावतो म्हणून तो लागतो. चालक सोडतो म्हणून तो सुटतो. दोष उत्पन्न होतो तो हा मेळ तुटला म्हणजे. ब्रेक लावलेला नसताना लागतो, किंवा सोडला तरी सुटत नाही. या दोन वाक्यांत केवळ शैलीचा फरक नाही. पहिल्यात दोष लागण्याच्या बाजूचा आहे, दुसऱ्यात सुटण्याच्या बाजूचा. 'जाम' हा शब्द हा फरक पुसून टाकतो.

'लागणे' या क्रियापदाचा मूळ अर्थ स्पर्श होणे, चिकटणे असा आहे. संस्कृत 'लग्' धातूशी त्याचे नाते उघड आहे. ब्रेकच्या बाबतीत तो अर्थ शब्दशः खरा आहे. शू ड्रमला लागतो, एवढेच तेथे घडत असते. परंतु तो केव्हा लागतो आणि किती वेळ लागून राहतो, हे क्रियापदाचे मूळ रूप सांगत नाही. ते त्याला जोडलेले साहाय्यक क्रियापद सांगते. पुढील तीन वाक्ये पाहावीत.

(अ) 'ब्रेक सकाळपासून लागलेलाच असतो.' ही स्थिती आहे. गाडी थंड असतानाही चाक जड आहे, पेडलला पाय लावण्यापूर्वीही आहे. येथे संशय प्रथम अंतराच्या जुळणीवर, हँडब्रेकच्या केबलवर, गंजलेल्या दट्ट्यावर आणि ड्रमच्या बिघडलेल्या गोलाईवर जातो.

(आ) 'ब्रेक मारला की लवकर सुटत नाही.' ही घटना आहे आणि तिला कारण आहे : पेडल दाबणे. पेडल दाबण्यापूर्वी चाक मोकळे होते. येथे संशय परतीच्या स्प्रिंगा, चाकाच्या सिलिंडरमधील अडकणारे दट्टे, शू जेथे टेकतात तेथे पडलेल्या खाचा आणि रबरी नळी यांवर जातो.

(इ) 'गाडी चालता चालता ब्रेक लागत जातो. थांबवून तासाभराने पाहिले तर मोकळा.' ही प्रक्रिया आहे. उष्णतेबरोबर दोष वाढतो आणि थंडाव्याबरोबर ओसरतो. हे मास्टर सिलिंडरकडे बोट दाखविणारे लक्षण आहे. त्याचे कारण पुढे येईल.

असतो, सुटत नाही, लागत जातो ही तीन रूपे म्हणजे अनुक्रमे स्थिती, अपुरी राहिलेली घटना आणि वाढती प्रक्रिया. या भेदाला व्याकरणात जे स्थान आहे, तेच येथे दुरुस्तीतही आहे. अर्थात चालकाचे वाक्य हा पुरावा नव्हे. शोध कोठून सुरू करावा याची ती केवळ सूचना होय. निर्णय चाकापाशीच व्हावयास हवा.

४. एक चाक की दोन्ही चाके

दुसरा प्रश्न विस्ताराचा आहे. दोष मागील एकाच चाकात असेल तर कारण बहुधा त्या चाकाच्या ड्रममध्येच असते. दोन्ही मागील चाकांत असेल तर दोघांना सामाईक असे जे काही आहे तिकडे वळावे. अखंड आसाच्या ट्रकमध्ये चौकटीपासून मागील आसापर्यंत सामान्यतः एकच रबरी नळी येते आणि आसावर तिच्या दोन शाखा होतात. ती नळी, हँडब्रेकची ओढणी व मास्टर सिलिंडरमधील मागील चाकांचा कप्पा या तिन्ही गोष्टी सामाईक असतात. चारही चाके जड असतील तर पेडल, बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांखेरीज अन्यत्र शोधण्याचे कारण सहसा उरत नाही.

हे ठरविण्यासाठी गाडी सपाट रस्त्यावर थोडे अंतर, शक्यतो ब्रेक न वापरता, चालवून आणावी आणि ड्रमची उष्णता ताडून पाहावी. ड्रमला तळवा लावू नये. हाताची पाठ जवळ नेली तरी फरक कळतो. उष्णता हबच्या मध्यभागी अधिक असेल तर ब्रेकऐवजी बेअरिंगचा संशय घ्यावा. हा विवेक न केल्यामुळे निर्दोष ब्रेक उघडला जातो आणि बेअरिंग तसेच राहते.

५. परीक्षेचा क्रम

गाडी पक्क्या व सपाट जमिनीवर उभी करावी, पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, मागील आस जॅकने उचलून मजबूत घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली जाऊ नये. गिअर मोकळा व हँडब्रेक सोडलेला असावा. चाके हाताने फिरवून पाहावीत. मागील चाकांबरोबर डिफरन्शियल आणि दांडाही फिरत असल्यामुळे थोडा जडपणा स्वाभाविक आहे. म्हणून दोन्ही बाजूंची तुलना करावी. नंतर पेडल काही वेळा जोराने दाबून सोडावे आणि चाके पुन्हा फिरवावीत. बूस्टरचा दोष इंजिन चालू असतानाच प्रकट होतो, म्हणून एकदा इंजिन चालू ठेवूनही हीच कृती करावी.

चाक अडलेले आहे अशा स्थितीत पुढील पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात.

पहिली पायरी : हँडब्रेक मागील चाकांवर काम करीत असेल तर त्याची केबल ढिली करावी. चाक मोकळे झाले तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या जुळणीत आहे. केबलच्या आवरणात पाणी शिरून ती गंजली म्हणजे ओढली जाते, परंतु परत जात नाही.

दुसरी पायरी : चौकटीवरील धातूची नळी जेथे रबरी नळीला मिळते, तेथील जोड किंचित ढिला करावा. द्रव जोराने बाहेर आला आणि चाक सुटले, तर दाब मागे, मास्टर सिलिंडरच्या बाजूला कोंडला होता हे सिद्ध झाले.

तिसरी पायरी : दुसऱ्या पायरीने चाक सुटले नाही, तर चाकाच्या सिलिंडरवरील निपल उघडावे. आता द्रव उसळून चाक सुटले, तर दाब रबरी नळी व चाक यांच्या दरम्यान अडकला होता. बहुतेक वेळी ही नळी आतून सुजलेली किंवा तिचा आतील थर सुटलेला आढळतो. पेडलच्या मोठ्या जोराने द्रव तिच्यातून पुढे जातो, परंतु स्प्रिंगेच्या अल्प जोराने परत येऊ शकत नाही. बाहेरून अशी नळी निर्दोष दिसू शकते. आसावरील धातूची नळी दगड लागून चेपली नाही ना, हेही पाहावे.

चौथी पायरी : निपल उघडूनही चाक अडलेलेच राहिले, तर द्रवाचा प्रश्न संपला. दोष ड्रमच्या आत आणि यांत्रिक स्वरूपाचा आहे.

या क्रमाचे मर्म असे की, प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलली जाते आणि बाकी सर्व तसेच ठेवले जाते. 'काळ' आणि 'गाळ' या शब्दांत एकच ध्वनी बदलतो व अर्थ बदलतो, म्हणून तो ध्वनिभेद अर्थभेदक आहे असे आपण म्हणू शकतो. दोन ध्वनी एकदम बदलले असते तर असे म्हणता आले नसते. ब्रेकच्या बाबतीतही स्प्रिंगा, किट आणि नळी एकाच वेळी बदलून गाडी सुधारली, तर गाडी सुधारली एवढेच कळते. दोष कोठे होता ते कळत नाही. दोष परत आला म्हणजे शोध पुन्हा आरंभापासून करावा लागतो.

दुसऱ्या पायरीवर चाक सुटले असेल तर शोध पेडलपर्यंत न्यावा. पेडल पूर्ण वर आल्यावर त्याला किंचित मोकळी चाल असली पाहिजे. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असते. विसाव्याच्या स्थितीत या छिद्रातून सिलिंडर वरच्या टाकीशी जोडलेला असतो. तापून फुगलेला द्रव याच वाटेने टाकीत परत जातो. मोकळी चाल नसेल, बूस्टरची कांडी लांब बसविली असेल किंवा रबरी कप सुजला असेल, तर हे छिद्र झाकलेले राहते. मग फुगलेल्या द्रवाला चाकाकडेच जाणे भाग पडते आणि शू ड्रमवर दाबले जातात. घर्षणाने द्रव आणखी तापतो, आणखी फुगतो. 'लागत जातो' या प्रक्रियेचे रहस्य हेच. यातही भेद करता येतो. चाक अडलेले असताना बूस्टरवर मास्टर सिलिंडर धरून ठेवणाऱ्या नटा थोड्या ढिल्या केल्या आणि सिलिंडर पुढे सरकताच चाक सुटले, तर दोष कांडीच्या किंवा पेडलच्या जुळणीत आहे. तरीही सुटले नाही तर तो सिलिंडरच्या आत आहे.

परीक्षा संपल्यावर सर्व जोड घट्ट करून, द्रव भरून, ब्रेकमधील हवा काढलीच पाहिजे. हा द्रव रंग खातो आणि डोळ्यांना अपायकारक असतो, म्हणून निपलला नळी लावून तो भांड्यात घ्यावा.

६. ड्रमच्या आत

ड्रम निघत नसेल तर हातोडा मारण्यापूर्वी शूची जुळणी ढिली करावी. ड्रमच्या काठाला झिजून कंगोरा आलेला असला म्हणजे शू त्यात अडकतात. उघडल्यावर आतील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरीत आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. लायनर कोणता आहे हे निश्चित नसताना धूळ ओल्या फडक्यानेच पुसावी.

नंतर स्प्रिंगा पाहाव्यात. ताणलेल्या, वेटोळ्यांत फट पडलेल्या किंवा तापून निळसर झालेल्या स्प्रिंगांचा जोर गेलेला असतो. शू ज्या टेकूंवर सरकतात तेथे खाच पडली असेल तर शू त्या खाचेत अडकून राहतो. नवी स्प्रिंग घातली तरी उपयोग होत नाही. चाकाच्या सिलिंडरचे रबरी आवरण फाटले असेल तर आत पाणी व धूळ जाऊन दट्टे गंजतात. लायनर ग्रीसने किंवा द्रवाने भिजला असेल तर तो अनियमितपणे पकडतो. मूळ गळती बंद केल्यावाचून नवा लायनर घालणे व्यर्थ आहे. लायनर आणि स्प्रिंगा दोन्ही चाकांच्या एकदमच बदलाव्यात, अन्यथा गाडी एका बाजूला ओढते.

शेवटची जुळणी ड्रम थंड असतानाच करावी. तापलेला ड्रम प्रसरण पावलेला असतो. त्या स्थितीत फट योग्य वाटली तरी थंड झाल्यावर ड्रम आकसून शूंवर बसतो. त्यामुळेच दुपारी नीट करून दिलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी 'लागलेलीच' आढळते. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर उभी करणे याच कारणास्तव टाळावे.

७. 'हवा' या शब्दाचे दोन अर्थ

मोठ्या मालट्रकमध्ये द्रवाऐवजी दाबलेली हवा काम करते. येथे भाषेचा एक निराळाच घोटाळा संभवतो. हलक्या ट्रकचा मिस्त्री 'ब्रेकमध्ये हवा आहे' असे म्हणतो तेव्हा त्याला दोष सांगावयाचा असतो. द्रवात हवेचे बुडबुडे शिरले की पेडल मऊ होते. मोठ्या ट्रकचा चालक 'हवा नाही' असे म्हणतो तेव्हा तोही दोषच सांगत असतो. एका यंत्रात हवा असणे हा विकार, दुसऱ्यात हवा नसणे हा विकार. 'हवा काढली' हे वाक्य एका ठिकाणी उपचार आहे, दुसऱ्या ठिकाणी अडचण.

यामागील तत्त्व जुने आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी रेल्वेसाठी सिद्ध केलेल्या स्वयंचलित ब्रेकमध्ये नळीतील दाब गेला की ब्रेक लागतो, अशी योजना होती. मोठ्या ट्रकच्या मागील आसावरील स्प्रिंग-ब्रेकचा हेतू तोच आहे. तेथे एक अतिशय जोरदार स्प्रिंग ब्रेक लावते आणि हवेचा दाब तिला मागे दाबून धरतो. म्हणजे द्रवाच्या ब्रेकच्या नेमके उलट : येथे स्प्रिंग लावते आणि दाब सोडतो. टाकीत पुरेसा दाब नसेल, किंवा स्प्रिंगेच्या कोठडीकडे जाणारी नळी गळत असेल, तर स्प्रिंग अर्धवट पसरते आणि ब्रेक अर्धवट लागतो. म्हणून अशा गाडीत चाकापाशी जाण्यापूर्वी दाबाचा काटा पाहावा.

दाब पुरेसा असेल आणि पेडलचा ब्रेक सुटत नसेल, तर पेडल सोडताच झडपेतून हवा बाहेर पडल्याचा स्पष्ट आवाज येतो का ते ऐकावे. आवाज दबका किंवा लांबलेला असेल तर हवेच्या निकासाची वाट चिखलाने किंवा गंजाने अडली असावी. आवाज स्वच्छ येऊनही चाक अडलेले असेल तर दोष यांत्रिक आहे : इंग्रजी एस अक्षराच्या आकाराच्या कॅमचा दांडा कोरड्या बुशमध्ये अडकतो, रोलर फिरत नाहीत, परतीची स्प्रिंग तुटलेली असते, किंवा स्लॅक ॲडजस्टर अति ताणून बसविलेला असतो. या पद्धतीत कोंडलेल्या द्रवाची जागा कोंडलेली हवा घेते. दाबाचा दोष आणि यंत्राचा दोष हा मूळ भेद मात्र तसाच राहतो.

एक इशारा आवश्यक आहे. स्प्रिंग-ब्रेकच्या कोठडीचे झाकण कधीही उघडू नये. आतील स्प्रिंग दाबून ठेवलेली असते आणि सुटली तर माणसाचा प्राण घेऊ शकते. त्या कोठडीसाठी दिलेल्या बोल्टने स्प्रिंग बंदिस्त करता येते. तेही उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे आणि चाकांना ठोकळे लावूनच करावे, कारण स्प्रिंग बंदिस्त झाली की गाडीला थांबवून धरणारे काही उरत नाही.

८. 'ब्रेक ऑइल' : नावाने घडविलेला दोष

वरील सर्व दोष झिजेने किंवा निष्काळजीपणाने होतात. एक दोष मात्र असा आहे की त्याचे मूळ एका नावात आहे. द्रवाच्या ब्रेकमध्ये जो पदार्थ भरतात त्याला आपल्याकडे सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात. वस्तुतः तो तेल नव्हे. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींचा द्रव ग्लायकॉल वर्गातील रसायनांचा असतो. तो पाण्यात मिसळतो, हवेतील दमट शोषून घेतो आणि ब्रेकमधील रबराला मानवतो. खनिज तेल याच्या अगदी उलट गुणांचे आहे. ते या रबराला मानवत नाही, त्यात रबर सुजते.

आता नावाची किमया पाहावी. इंजिनात ऑइल, गिअरपेटीत ऑइल, स्टिअरिंगला ऑइल. तेव्हा ब्रेकचे ऑइल कमी झाले असता हाताशी असलेले ऑइल थोडेसे घालण्यात काही वावगे आहे असे क्लीनरला वाटत नाही. शब्दाने त्याला तशी मुभा दिलेली असते. घातलेले तेल अल्प असले तरी मास्टर सिलिंडरमधील कप सुजू लागतो, पूर्वी सांगितलेले बारीक छिद्र झाकले जाते, आणि ब्रेक 'लागत जातो'. मिस्त्री चाक उघडतो, स्प्रिंगा बदलतो, परंतु दोष जात नाही. टाकीच्या झाकणाखालील रबर सुजून वेडेवाकडे झालेले दिसले तर भेसळीचा संशय तत्काळ घ्यावा. भेसळ ठरली की केवळ द्रव बदलून भागत नाही. द्रवाचा स्पर्श झालेले सर्व रबरी भाग, म्हणजे कप, किट व नळ्या बदलाव्या लागतात आणि धातूच्या नळ्या धुवाव्या लागतात. एका कपभर तेलाची ही किंमत आहे.

दमट शोषण्याचा गुणही दुर्लक्षिण्यासारखा नाही. नव्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ठराविक प्रमाणात पाणी शोषलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. अडलेला ब्रेक आणि जुना द्रव एकत्र आले म्हणजे घाटाच्या उतारावर पेडल एकाएकी खाली जाण्याची तयारी पूर्ण झालेली असते.

रूढ नाव बदलणे सोपे नसते, आणि 'ब्रेक ऑइल' हे नाव दुकानांतून नाहीसे होईल असेही नाही. परंतु बाटलीवरील नावापेक्षा तिच्यावरील प्रत वाचण्याची सवय लावता येते. टाकीच्या झाकणावर कोणती प्रत घालावी हे बहुधा लिहिलेले असते.

९. वाटेत दोष उद्भवल्यास

वाटेत लायनर जळाल्याचा वास आला, मागील चाकांतून धूर दिसला किंवा उतारावर गाडी मोकळी धावेनाशी झाली, तर शक्य तितक्या लवकर सपाट जागी थांबावे आणि चाकांना ठोकळे लावावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. बिडाचा ड्रम त्याने तडकू शकतो. निपल उघडून दाब सोडला असता चाक सुटते हे खरे, परंतु ते निदान आहे, दुरुस्ती नव्हे. तशा गाडीने पुढचा घाट उतरू नये. थंड झाल्यावर ब्रेक आपोआप सुटला, म्हणजे दोष गेला असेही समजू नये. उलटपक्षी, थंड होताच सुटणे हे वर वर्णिलेल्या तिसऱ्या प्रकाराचे लक्षण आहे.

१०. तक्रारीची नोंद

चालक जे बोलतो ते मिस्त्रीपर्यंत पुष्कळदा थेट पोचत नाही. मालक, मुकादम किंवा कचेरीतील लेखनिक ते ऐकतो आणि आपल्या शब्दांत लिहितो. 'चालता चालता लागत जातो, तासाभराने सुटतो' या वाक्यात निदान जवळजवळ पूर्ण झालेले असते; नोंदीत त्याचे 'ब्रेक जाम' होते आणि मिस्त्री ड्रम उघडावयास बसतो. त्याची मेहनत वाया जाते, मालकाचा पैसा जातो, आणि मास्टर सिलिंडर तसाच ठेवून गाडी पुन्हा रस्त्याला लागते.

यावर उपाय साधा आहे. नोंदीत चार गोष्टी याव्यात : कोणते चाक, गाडी थंड असताना की तापल्यावर, पेडल दाबण्यापूर्वी की नंतर, आणि आपोआप सुटतो की नाही. पाचवी गोष्ट म्हणून चालकाचे वाक्य त्याच्याच शब्दांत लिहावे. ते वाक्य अशुद्ध वाटले तरी सुधारू नये. त्यातील क्रियापद पुष्कळदा ब्रेकची अवस्था अचूक सांगत असते.